डाउन सिंड्रोमची चाळिशी

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत डाउन सिंड्रोमचे प्रकरण बालरोगांच्या भागात सापडते, आणि शंभर वर्षांपूर्वी ते तेथे असणे योग्यही होते, कारण १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये या स्थितीसह जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे प्रतिजैविके आली, हृदयातील जन्मजात छिद्रे शस्त्रक्रियेने बुजवता येऊ लागली, या मुलांना मोठ्या बंदिस्त संस्थांत ठेवून देण्याची पाश्चात्त्य देशांतील रीत मागे पडली आणि ती आपापल्या घरी वाढू लागली, तसतसे हे आयुर्मान वाढत गेले. अमेरिकेतील मृत्युनोंदींनुसार डाउन सिंड्रोम असलेल्यांचे मृत्यूसमयीचे मध्यक वय, म्हणजे ज्या वयापूर्वी निम्मे आणि ज्या वयानंतर निम्मे मरण पावले ते वय, १९८३ मध्ये २५ वर्षे होते; १९९७ मध्ये ते ४९ वर्षांवर पोचले, आणि आज चांगली आरोग्यसेवा असलेल्या देशांत सरासरी आयुर्मान साठीच्या आसपास आले आहे. पाठ्यपुस्तकातले प्रकरण मात्र जागचे फारसे हललेले नाही. त्यामुळे पंचेचाळीस वर्षांच्या अशा व्यक्तीला घेऊन घरचे लोक दवाखान्यात जातात तेव्हा बालरोगतज्ज्ञ म्हणतो की हे वय आपले नाही, आणि प्रौढांच्या डॉक्टरने या स्थितीविषयी जे काही वाचलेले असते ते नवजात बाळाविषयीचे असते.

या स्थितीचे मूळ गुणसूत्रांत, म्हणजे पेशीच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्याच्या धाग्यांत आहे. माणसाच्या पेशीत अशी ४६ गुणसूत्रे २३ जोड्यांनी असतात, आणि त्यांतील २१ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोहोंऐवजी तीन प्रती आल्या की डाउन सिंड्रोम होतो. सुमारे ९५ टक्के व्यक्तींत ही तिसरी प्रत प्रत्येक पेशीत सुटी आणि पूर्ण असते. थोड्यांच्या बाबतीत ती दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेली असते, तर त्याहूनही थोड्यांच्या शरीरात काही पेशी ४६ गुणसूत्रांच्या आणि काही ४७ गुणसूत्रांच्या अशी सरमिसळ आढळते. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये या स्थितीचे बाह्य वर्णन केले आणि १९५९ मध्ये पॅरिसमधील झेरोम लज्यून, मार्त गोतिए आणि रेमों त्यूर्पँ यांनी तिचे गुणसूत्रीय कारण प्रसिद्ध केले. ज्या पेशीसंवर्धनावर तो शोध उभा होता ते प्रयोगशाळेत उभारणाऱ्या गोतिए यांचे श्रेय मात्र पुढे अनेक दशके झाकोळलेले राहिले.

एकविसावे गुणसूत्र हे माणसाच्या गुणसूत्रांत सर्वांत लहान आहे. त्यावर प्रथिने घडवणारी दोनशेंहून थोडी अधिक जनुके आहेत, आणि तिसऱ्या प्रतीमुळे त्यांतील बहुतेकांचे उत्पादन जन्मभर सुमारे दीडपट होत राहते. आमटीत मीठ दीडपट पडले तर ती तोंडात घेववत नाही, कोथिंबीर दीडपट पडली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. जनुकांचेही तसेच आहे. काहींच्या वाढीव मात्रेने शरीराचे फारसे बिघडत नाही, काहींच्या मात्रेने जन्मतःच हृदयाची किंवा आतड्याची घडण बिघडते, आणि काहींची मात्रा अशी असते की तिचा हिशेब चाळीस वर्षांनी पुढे येतो. या लेखाचा संबंध मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराशी आहे.

डाउन सिंड्रोममध्ये म्हातारपण लवकर येते, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण शरीराचे सर्व भाग येथे एका गतीने वृद्ध होत नाहीत. केस लवकर पांढरे होतात, त्वचा लवकर सुरकुतते, मोतीबिंदू आणि वयोमानाने येणारे बहिरेपण इतरांहून एकदोन दशके आधी गाठते, आणि स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरीने काही वर्षे आधी, सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास होते. याउलट रक्तदाब बहुधा कमी राहतो, रोहिण्यांच्या भिंतींवर चरबीचे थर साचून त्या अरुंद होण्याचा विकार कमी आढळतो, आणि रक्ताचा कर्करोग बालपणी अधिक होत असला तरी स्तन, फुप्फुस यांसारख्या अवयवांतील गाठींचे कर्करोग प्रौढपणी सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी कमी होतात; पुरुषांमधील वृषणाचा कर्करोग हा त्याला एक ठळक अपवाद आहे. म्हणजे पन्नाशीच्या भारतीय माणसाला डॉक्टर ज्या दोन गोष्टींसाठी आधी तपासतो, त्या रक्तदाब आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका या गोष्टी येथे तुलनेने सौम्य असतात, आणि ज्यांच्यासाठी तो तपासत नाही त्या नेमक्या गंभीर असतात.

त्यांत पहिला क्रमांक अल्झायमर रोगाचा. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधील जॉर्ज जर्विस यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या, अकाली बुद्धिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या मेंदूत अल्झायमरसारखेच बदल दाखवून दिले होते. परंतु त्या काळी या वयापर्यंत पोचणारेच थोडे असल्याने ती गोष्ट शास्त्रीय कुतूहलाच्या पलीकडे गेली नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अल्झायमर रुग्णांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांत साचणारे प्रथिन वेगळे काढले, आणि तेच प्रथिन डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतही असल्याचे त्यांना आढळले. हे दोन्हींतील साम्य पाहता त्या प्रथिनाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असावे असा तर्क निघाला आणि १९८७ मध्ये ते जनुक तेथेच सापडले. अल्झायमर रोगाच्या आधुनिक संशोधनाचा पाया ज्या काही निरीक्षणांवर उभा आहे त्यांत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मेंदूंचा वाटा इतका मोठा आहे की, त्या संशोधनातून निघालेली औषधे त्यांच्यावरच सर्वांत शेवटी तपासली जावीत ही गोष्ट विचित्र वाटल्यावाचून राहत नाही.

या जनुकापासून बनणारे प्रथिन चेतापेशीच्या आवरणात बसलेले असते. पेशीतील विकरे त्याचे तुकडे करतात, आणि त्यांपैकी बीटा अमायलॉइड नावाचा एक चिकट तुकडा पेशींच्या बाहेर गोळा होऊन त्याची पुटे बनतात; पुढे पेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते तयार होतात आणि चेतापेशी मरू लागतात. मूळ प्रथिन जन्मापासूनच दीडपट बनत असल्याने अमायलॉइडही अधिक साठतो. धरणाच्या तळाशी गाळ वर्षानुवर्षे साचत जातो आणि पाणी खाली जाईपर्यंत तो दिसत नाही, तसे हे चालते: चाळिशीपर्यंत डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरचे बदल झालेले असतात, पण त्याची लक्षणे सर्वांमध्ये तेव्हाच दिसत नाहीत. निदान होण्याचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास आहे, आणि दीर्घ आयुष्य लाभलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना हा रोग गाठतो. दोष या एका जनुकाच्या मात्रेचाच आहे हे दोन बाजूंनी सिद्ध झाले. १९९८ मध्ये ब्रिटनमधील एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली, जिच्यात एकविसाव्या गुणसूत्राचा काही भाग तिपटीने होता पण या जनुकाच्या प्रती दोनच होत्या. तिला डाउन सिंड्रोम होता, तरी अल्झायमर झाला नाही. उलट २००६ मध्ये फ्रान्समधील अशी काही कुटुंबे पुढे आली की ज्यांच्यातील व्यक्तींना डाउन सिंड्रोम नव्हता, केवळ या जनुकाची जादा प्रत वंशपरंपरेने आली होती, आणि त्यांना अल्झायमर अकाली गाठत होता.

या रोगासाठी मराठीत रुळलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द येथे काहीशी दिशाभूल करतो. सर्वसाधारण वृद्धांमध्ये विसरणे हे पहिले लक्षण असते. डाउन सिंड्रोममध्ये अनेकदा आधी स्वभाव बदलतो, आणि विसरणे लक्षात येते ते नंतर. हौसेने नाचणारी व्यक्ती कोपऱ्यात बसून राहते, स्वतःचा डबा भरून घेणारी व्यक्ती डब्याकडे नुसती पाहत राहते, शांत माणूस चिडचिडा होतो, आंघोळीला तास लागू लागतो, रात्रीची झोप मोडते. जिना उतरताना किंवा फरशीचा रंग बदलतो तेथे पाऊल अडखळते, कारण खोलीचा अंदाज घेण्याची मेंदूची क्षमता कमी झालेली असते. चाळिशीपूर्वी कधीही आकडी न आलेल्या व्यक्तीला एकाएकी आकडी येऊ लागते, किंवा सकाळी उठल्यावर हातापायांना झटके बसून हातातला कप उडतो. डाउन सिंड्रोममधील अल्झायमरसोबत अशा उशिरा सुरू होणाऱ्या फेफऱ्याचे प्रमाण बरेच मोठे असते. शेवटच्या टप्प्यात गिळण्याची क्रिया बिघडून अन्नाचे कण श्वासनलिकेत जातात, जेवताना वारंवार ठसका लागतो आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हे मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरते. जेवताना सरळ बसवणे, घास लहान देणे आणि पातळ पदार्थ थोडे दाट करून देणे या साध्या उपायांचा येथे उपयोग होतो. कोणता पदार्थ किती दाट असावा हे गिळण्याची क्रिया तपासणाऱ्या तज्ज्ञाने ठरवून द्यावे.

निदानाची खरी अडचण निराळीच आहे. आज वार कोणता, देशाचे पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत या, असे प्रश्न विचारून वृद्धांची स्मृती तपासली जाते. ज्या व्यक्तीला वजाबाकी कधीच येत नव्हती तिला ती पन्नासाव्या वर्षी आली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. येथे तुलना इतर लोकांशी करून चालत नाही, त्याच व्यक्तीच्या दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःशी करावी लागते, आणि दहा वर्षांपूर्वी ती व्यक्ती काय काय करू शकत होती याची नोंद बहुतेक घरांत कुठेही नसते. आईला ती तोंडपाठ असते, पण मुलाच्या पन्नाशीपर्यंत आई राहतेच असे नाही.

औषधांविषयी फार आशादायक लिहिता येत नाही. अल्झायमरसाठी वापरले जाणारे मेमँटीन हे औषध डाउन सिंड्रोम असलेल्या चाळिशीपुढील व्यक्तींना वर्षभर देऊन पाहण्यात आले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत औषध व निरुपद्रवी गोळी यांच्या परिणामात फरक आढळला नाही. डोनेपेझिलसारखी औषधे काहींना थोडी मदत करतात, परंतु ती हृदयाचे ठोके मंद करतात, म्हणून जन्मजात हृदयदोष असलेल्यांना ती जपून द्यावी लागतात. अमायलॉइड धुऊन काढणारी प्रतिपिंडांची नवी औषधे ज्या मोठ्या चाचण्यांतून मान्य झाली त्यांत डाउन सिंड्रोम असलेल्यांचा समावेश नव्हता. त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही अमायलॉइड बराच साचत असल्याने या औषधांमुळे सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांच्यात अधिक असू शकतो. तो तपासला जाईपर्यंत ही औषधे त्यांना सरसकट देणे सुरक्षित मानता येत नाही.

अल्झायमरविषयी इतके विस्ताराने लिहिल्यावर त्याच्या उलट बाजूचा इशारा देणे अधिक आवश्यक आहे. चाळिशीनंतर डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती मंद झाली, गप्प झाली, चालताना अडखळू लागली की घरच्यांचा निष्कर्ष बहुधा ‘आता त्यांचे असेच व्हायचे’ असा असतो, आणि थोडी माहिती असलेला डॉक्टर ‘अल्झायमर असणार’ असे म्हणतो. दोन्ही वाक्यांचा परिणाम एकच होतो, तो म्हणजे तपासणी थांबते. एका ज्ञात निदानाच्या सावलीत दुसरा आजार दिसेनासा होणे हा बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या उपचारांतील फार जुना आणि फार घातक दोष आहे. येथे तर अल्झायमरसारख्याच दिसणाऱ्या आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या किमान अर्धा डझन गोष्टी आहेत, आणि त्या सगळ्या डाउन सिंड्रोममध्ये इतरांहून अधिक प्रमाणात होतात.

त्यांत सर्वांत स्वस्तात सापडणारी गोष्ट म्हणजे थायरॉइड ग्रंथीची मंदगती. शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला केल्याने हा विकार होतो. माणूस सुस्त होतो, वजन वाढते, त्वचा कोरडी पडते, बद्धकोष्ठ होते, बोलणे व विचार मंदावतात. यांतील प्रत्येक लक्षण डाउन सिंड्रोमच्या खात्यावर मांडता येते आणि बहुधा मांडलेही जाते. टीएसएच नावाची एक रक्तचाचणी आणि सकाळी उपाशीपोटी घेण्याची एक गोळी, एवढ्याने ही व्यक्ती काही आठवड्यांत पूर्ववत होऊ शकते.

त्यानंतर कान. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी जन्मतःच अरुंद असते, मळ साचून घट्ट बसतो, लहानपणी वारंवार कान फुटलेला असतो आणि चाळिशीत आतल्या कानाची श्रवणशक्तीही उतरू लागते. प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कमी ऐकू येते. मात्र ऐकू येत नाही हे त्यांच्याकडून सहसा सांगितले जात नाही. हाक मारली तरी ओ न देणारा माणूस घरच्यांना हट्टी वाटतो आणि डॉक्टरला विस्मृतीचा रोगी वाटतो, आणि कधीकधी कानातला मळ काढल्यावर तो पहिल्यासारखा बोलू लागतो.

डोळ्यांच्या बाबतीत मराठी भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. चाळिशी हा शब्द आपण वयालाही वापरतो आणि त्या वयात लागणाऱ्या जवळच्या चष्म्यालाही. पण डाउन सिंड्रोममध्ये डोळ्याच्या भिंगाची जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करण्याची शक्ती बालपणापासूनच कमी असते, म्हणजे चष्म्याची चाळिशी शाळेत जातानाच लागलेली असते आणि बहुतेकांना तो चष्मा कधी मिळालेलाच नसतो. पुढे मोतीबिंदू लवकर येतो, आणि डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा विकारही अधिक होतो. सतत डोळे चोळण्याने तो वाढतो. दिसत नसल्याने जिन्यावर थबकणारी व्यक्ती आणि मेंदूच्या विकारामुळे थबकणारी व्यक्ती बाहेरून सारखीच दिसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मात्र महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत होते.

घोरणे हा विनोदाचा विषय मानला जातो, पण डाउन सिंड्रोममध्ये तो तपासणीचा विषय असायला हवा. चेहऱ्याचा मधला भाग लहान, जीभ त्यामानाने मोठी आणि घशाचे स्नायू सैल असल्याने झोपेत श्वासमार्ग पुन्हा पुन्हा बंद पडतो. प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हा त्रास असतो. रात्रभर शेकडो वेळा झोप मोडलेली व्यक्ती दिवसा पेंगते, चिडते, विसरते. बसून मांडीवर डोके टेकवून झोपणे किंवा मान विचित्र मागे टाकून झोपणे ही घरच्यांना ‘सवय’ वाटणारी गोष्ट बहुधा श्वासासाठी शरीराने काढलेली वाट असते. झोपेची चाचणी करून हवेच्या दाबाचे यंत्र लावल्यास फरक पडतो; मुखवटा सहन होत नाही ही सबब काहींच्या बाबतीत खरी असते, पण दिवसा खेळातून थोडा थोडा सराव दिला तर अनेकांना त्याची सवय होते.

नैराश्य हे या यादीतले सर्वांत दुर्लक्षित. बहिणीचे लग्न होऊन ती जाते, भाऊ नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेला जातो, कार्यशाळा वयाच्या अटीमुळे बंद होते, वडील वारतात आणि घरात कुणी त्याला नीट सांगतही नाही, कारण ‘त्याला काय कळणार’ असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. दुःख शब्दांत मांडता न आल्याने ते जेवण सोडण्यातून, कपडे न बदलण्यातून, बोलणे बंद होण्यातून व्यक्त होते. उलट, एकटे असताना स्वतःशी मोठ्याने बोलणे ही डाउन सिंड्रोममधील अगदी सामान्य गोष्ट असून दिवसभरात घडलेले मनाशी लावण्याची ती रीत असते. तिला वेड समजून औषधे सुरू केल्याने नुकसान होते.

मानेचा प्रश्न वेगळ्या तातडीचा आहे. डाउन सिंड्रोममध्ये अस्थिबंध सैल असल्याने मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवर नेहमीपेक्षा अधिक सरकू शकतात. क्ष-किरण चित्रात असे सरकणे दहा ते वीस टक्क्यांत दिसते, पण मज्जारज्जूवर दाब येऊन प्रत्यक्ष त्रास एकदोन टक्क्यांनाच होतो. म्हणून प्रत्येकाचे चित्र काढत बसण्यापेक्षा लक्षणांकडे पाहणे शहाणपणाचे ठरते: चाल बदलणे, पाय ताठणे, हातांतून वस्तू निसटणे, मान एका बाजूला धरणे, आणि नीट जमत असलेले लघवी-संडासवरचे नियंत्रण जाणे. हे एकाएकी घडले तर ते अल्झायमरचे मानून थांबणे धोक्याचे आहे. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला ही स्थिती आधी सांगावी, कारण नळी घालताना मान फार मागे वाकवली जाते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. जन्मजात हृदयदोष चाळीस ते पन्नास टक्क्यांत असतो. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या झडपा पुढे गळू शकतात, म्हणून त्यांची हृदयाची सोनोग्राफी आयुष्यभर अधूनमधून करावी लागते. भारतात आज चाळिशीत असलेल्या पिढीपैकी अनेकांची शस्त्रक्रिया झालीच नाही; अशांच्या फुप्फुसांतील दाब कायमचा वाढून ओठ आणि नखे निळसर होतात, आणि त्या टप्प्यावर छिद्र बुजवणे उलट घातक ठरते. हाडे लवकर ठिसूळ होतात. दात कमी किडतात पण हिरड्या लवकर जातात, आणि हृदयदोष असलेल्यांच्या बाबतीत हिरडीचा संसर्ग रक्तावाटे हृदयापर्यंत पोचू शकतो. गव्हातील ग्लूटेन सहन न होण्याचा सीलिॲक हा विकारही सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळतो. त्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणीची भाकरी निर्धोक असते ही मराठी स्वयंपाकघराची जमेची बाजू, मात्र बाजारातल्या हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे फोडणी देणाऱ्याला माहीत असावे लागते.

प्रौढांसाठी पुराव्यांवर आधारलेली वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे अमेरिकेत २०२० मध्ये प्रथमच प्रसिद्ध झाली, हे वर्षच पुरेसे बोलके आहे. त्यांनुसार एकविसाव्या वर्षापासून दर एकदोन वर्षांनी थायरॉइडची चाचणी करावी, मधुमेहाची तपासणी तिशीपासून आणि लठ्ठपणा असेल तर त्याही आधीपासून करावी, चाळिशीनंतर दरवर्षी अल्झायमरच्या लक्षणांचा आढावा घ्यावा, आणि चाळिशीपूर्वी असे निदान करताना फार सावध राहावे. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रत्येकाला चौदाव्या वर्षापासून वार्षिक आरोग्यतपासणी मोफत दिली जाते.

भारतातील चित्र याच्या अगदी उलट टोकाचे आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे, पण तो कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेचा एकच सरसकट रकाना होता, त्यामुळे डाउन सिंड्रोम असलेले किती भारतीय चाळिशी ओलांडून गेले आहेत याची मोजणी त्यातून निघत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अक्षमतेचे २१ प्रकार मानले. डाउन सिंड्रोम त्यांतील बौद्धिक अक्षमतेत मोडतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते, आणि तिच्यात नाव घालण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही. याच कायद्याने कायदेशीर पालकत्वाचीही सोय केली आहे, कारण अपत्य अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत; जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. हा अर्ज आईवडील हिंडतेफिरते असतानाच व्हायला हवा, आणि त्यात पुढच्या पिढीतील पालकाचा विचारही व्हायला हवा.

डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाला महाराष्ट्रातील घराघरांत पन्नाशीतही ‘बाळ’ म्हणतात, शेजारी ‘देवाघरचे लेकरू’ म्हणतात. त्यात प्रेम असते, यात शंका नाही. पण लेकराला रजोनिवृत्ती येत नाही, मोतीबिंदू होत नाही आणि अल्झायमरही होत नाही, म्हणून ते शोधायचे कुणाला सुचत नाही. पालकांनी मिळून उभ्या केलेल्या निवासांमध्ये, उदाहरणार्थ डोंबिवलीजवळच्या खोणी येथील अमेय पालक संघटनेच्या ‘घरकुल’सारख्या ठिकाणी, रहिवाशांबरोबर संस्थेचेही वय वाढते आहे, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांची वृद्धसेवा हा विषय तेथे पुस्तकांच्या आधी प्रत्यक्षात येतो आहे.

ज्यांच्या घरात डाउन सिंड्रोम असलेली पस्तिशीच्या आसपासची व्यक्ती आहे त्यांनी या महिन्यात एक काम करावे. तिची सकाळ, म्हणजे उठणे, आंघोळ, कपडे घालणे, जिना उतरणे, चहा पिणे आणि घरच्यांशी बोलणे, मोबाइलवर दहा मिनिटे चित्रित करावी, त्यावर तारीख नोंदवावी, आणि ती चित्रफीत घरातील तरुण माणसाच्या हवाली करावी.